घरी रेड आणि व्हाइट वाइन ताडून पाहण्याची रीत: कोकणातल्या हवेत काय सांभाळायचं

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची, हे प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. ज्या मुलखात हा सल्ला रूढ झाला तिथल्या खोल्या सतरा-अठरा अंशांच्या. रत्नागिरीत एप्रिलच्या दुपारी माजघरातसुद्धा ३१-३२ अंश भरतात. त्या तापमानाची रेड ग्लासात ओतली की पहिला भपका अल्कोहोलचा येतो आणि ‘रेड आपल्याला झेपत नाही बुवा, फार कडक’ असा निकाल लागतो. शेजारी फ्रिजमधून थेट काढलेली, दात शिवशिवतील इतकी गार व्हाइट असते. तिला वासच येत नाही, म्हणून ‘व्हाइट म्हणजे आंबट पाणी’ हा दुसरा निकाल. यातला एकही निकाल वाइनबद्दल काही सांगत नाही. दोन्ही तापमानाचे आहेत.

त्यात समोर सुरमईची तुकडी, कोपऱ्यात डासांची कॉइल, दोन माणसांच्या हातात दोन तऱ्हेचे ग्लास. घरच्या बहुतेक तुलना बूच निघण्याआधीच फसलेल्या असतात. म्हणून खाली निम्म्याहून जास्त जागा तयारीला दिली आहे. प्रत्यक्ष चाखणं त्या मानाने सोपं.

## आधी ठरवा: कशाची कशाशी तुलना

एका बैठकीत एकच गोष्ट वेगळी ठेवायची, बाकी सगळं सारखं. एक नाशिकची रेड, एक इटलीची व्हाइट, एक कुणी दुबईहून आणलेली गोड वाइन अशा तीन बाटल्या मांडल्या तर फरक भरपूर जाणवतो, पण तो द्राक्षाचा, देशाचा, साखरेचा की बाटलीच्या वयाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

सुरुवातीला या तीनपैकी एक जोडी घ्या:

- एकाच कंपनीची, एकाच वर्षाची एक व्हाइट आणि एक रेड. शेनिन ब्लां (व्हाइटचं द्राक्ष) आणि शिराझ (रेडचं) ही जोडी आपल्याकडे सहज मिळते.
- एकच द्राक्ष, दोन कंपन्या. नाशिकच्या सुलाची आणि सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या फ्रातेलीची, दोघांचीही सोव्हिन्याँ ब्लां मिळते.
- एकच बाटली, दोन तापमानं. सर्वात स्वस्त, आणि माझ्या मते सर्वात जास्त शिकवणारी.

पहिल्या बैठकीला दोन बाटल्या पुरतात. चारच्या वर जाऊ नका. ७५० मिलीच्या एका बाटलीतून ५० मिलीचे पंधरा ग्लास निघतात, म्हणजे पाच-सहा माणसांत प्रत्येक प्रकारची एक बाटली पुरून उरते. दोघंच असाल तर ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्या बघा.

## टप्पा १: बाटली आणणे

आपल्याकडे ‘वाइन शॉप’ म्हणजे व्हिस्की-बिअरचं दुकान. त्यात वाइन असते ती बहुधा वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, धूळ खात. कोकणात खप कमी आणि उकाडा जास्त, त्यामुळे दुकानात बाटली किती उन्हाळे काढून बसली आहे हे तुम्हीच तपासायचं.

लेबलावर द्राक्षांच्या तोडणीचं वर्ष पाहा. आपल्याकडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरवतात, म्हणजे २०२४ लिहिलेली बाटली त्या वर्षाच्या सुरुवातीच्या द्राक्षांची. साधी व्हाइट दोन वर्षांच्या आतली घ्या. रेडला थोडी जास्त सवलत द्यायला हरकत नाही. मग बाटली उजेडासमोर धरा. व्हाइट गवती पिवळसर असावी. कोऱ्या चहाच्या रंगाकडे झुकली असेल तर परत ठेवा. बूच वर सरकलेलं, गळ्याशी चिकट ओघळ, पातळी नेहमीपेक्षा खाली, यातलं काहीही दिसलं तर बाटली तापलेली आहे असं समजा. तळाशी काचेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नका. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, निरुपद्रवी.

मुंबई-पुण्याहून गाडीने येताना बाटल्या डिकीत टाकू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते आणि शिजलेल्या वाइनला उकडलेल्या फळासारखा मंद, मेलेला वास येतो. बाटल्या पुढे, एसीत, पायाशी ठेवा. थर्माकोलचा खोका उत्तम, फक्त तो मासळीचा नसावा.

सावध: गोव्यात स्वस्त मिळते म्हणून तिथून बाटल्या आणण्याचा मोह सिंधुदुर्गात सगळ्यांना होतो. महाराष्ट्राचं शुल्क न भरलेली दारू हद्दीत आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा नाका आहे. आपल्या राज्यात पिण्याचा परवाना आणि वयाची अट आहे, तीही पाळा.

## टप्पा २: जागा आणि वेळ

सकाळी अकरा-साडेअकरा किंवा संध्याकाळी पाचच्या सुमारास, जेवणाआधी. जेवल्यावर नाक सुस्त होतं. जागा पडवी किंवा ओटी, जिथे दिवसाचा उजेड आहे पण थेट ऊन आणि सोसाट्याचा वारा नाही. पिवळ्या बल्बखाली रंग बघण्यात अर्थ नाही.

वासाच्या बाबतीत कोकणातलं घर फार बोलकं असतं. मे महिन्यात माजघरात आंब्याची आढी घातलेली असेल तर त्या खोलीत प्रत्येक व्हाइटला हापूसचा वास येईल आणि सगळे जण खूश होऊन तसंच लिहितील. पिकलेला फणस, वाळत घातलेली सुकट, उदबत्ती, कॉइल, गजरा, अत्तर, फोडणी या सगळ्यांपासून दूर बसा. मासे त्या दिवशी करायचेच असतील तर बैठक संपल्यावर तळा.

पावसाळ्यात वेगळीच फसगत होते. बुचाला विशिष्ट बुरशीमुळे एक दोष लागतो, त्याचा वास ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा भिजलेल्या गोणपाटासारखा असतो. जुलैत आपल्या घरातल्या कपाटांना, गाद्यांना, खुद्द ग्लासांनाही तोच कुबट वास असतो. वाइनला दोष देण्याआधी रिकामा ग्लास हुंगून पाहा.

चाखण्याआधी तासभर पान, सुपारी, तंबाखू, कॉफी, टूथपेस्ट आणि सोलकढी बंद. आंबट काही तोंडात गेलं की पुढची वाइन फिकी आणि आहे त्याहून गोडसर वाटते.

## टप्पा ३: ग्लास

सगळ्यांना, सगळ्या वाइनला एकाच आकाराचे ग्लास. पोट मोठं, तोंड निमुळतं, काच पातळ आणि बिनरंगाची. चाखण्यासाठी ठरलेला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा ग्लास २१५ मिलीच्या आसपास असतो आणि त्यात ५० मिली ओततात, त्यामुळे मोठे फुगीर ग्लास नसले तरी काही बिघडत नाही. कटिंग चहाचा ग्लास मात्र उपयोगाचा नाही. त्याचं तोंड बाहेर पसरलेलं असतं, वास टिकत नाही.

दर माणशी दोन ग्लास ठेवा, म्हणजे दोन वाइन शेजारी-शेजारी धरता येतील. एकच ग्लास विसळून वापरला तर तुम्ही वाइनची तुलना आठवणीशी करत असता, आणि आठवण फार लबाड.

ग्लास धुताना भांड्यांची घासणी वापरू नका, तिच्यात कालच्या बांगड्याचा वास असतो. गरम पाणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा, मग साध्या पाण्याने दोनदा विसळून, जुन्या धुवट पंचाने पुसा. पालथे घालून ठेवू नका, आत लाकडाचा किंवा वर्तमानपत्राचा वास कोंडतो.

तपासून पाहा: रिकामा ग्लास नाकाला लावा. कसलाही वास आला नाही तरच पुढे.

## टप्पा ४: तापमान

सर्वात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

व्हाइट ८ ते १२ अंशांना, रेड १५ ते १८ अंशांना. हलकी, फळकट चवीची रेड आणखी दोन-तीन अंश खाली चालते. व्हाइट त्याहून गार झाली की सुवास दबतो आणि फक्त आंबटपणा पुढे येतो. रेड फार गार झाली की तुरटपणा आणि कडवटपणा बोचतो. फार गरम झाली की अल्कोहोल उडू लागतं आणि बाकीचे वास त्याखाली गाडले जातात.

बाटली ३० अंशांच्या खोलीतून फ्रिजच्या खालच्या भागात ठेवली तर व्हाइटला चांगले साडेतीन-चार तास लागतात. तासाभरात काढलेली व्हाइट गार लागते, पण ती अजून वीसच्या आसपास असते. रेडला दीड तास पुरेसा. सोपी पद्धत अशी: व्हाइट सकाळीच फ्रिजमध्ये टाका, रेड बैठकीच्या दीड तास आधी. ओतायच्या दहा मिनिटं आधी दोन्ही बाहेर काढा.

घाई असेल, किंवा पावसात नेहमीप्रमाणे लाइट गेली असेल, तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. बाटली गळ्यापर्यंत बुडाली पाहिजे. व्हाइटला २०-२५ मिनिटं, रेडला १०-१२. नुसत्या बर्फात बाटली खुपसली तर तिला बर्फ जागोजागीच टेकतो, बाकी ठिकाणी हवा राहते आणि वेळ जास्त लागतो. पाणी हवंच. आइस बॉक्समधला बर्फ मासळीचा नाही ना, हे विचारून घ्या.

देशावरचे लोक बाटलीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर ठेवायला सांगतात. कोरड्या हवेत ते चालतं. आपल्याकडे हवेतच इतकं पाणी की फडक्यातलं सुकत नाही, मग गारवा कुठून येणार? माठातलं पाणी इथे मे महिन्यात जेमतेम गार होतं, तेच कारण.

सावध: डीप फ्रीझरमध्ये ठेवायचीच असेल तर फोनवर गजर लावा. विसरलेली बाटली गोठून बूच वर ढकलते, कधी काच तडकते. आणि ग्लासात बर्फाचा खडा टाकायचा नाही. पाणी मिसळलं की तुलना संपली.

ग्लासात ५० मिलीच ओतण्याचं कारणही तापमान हेच. उकाड्यात दहा मिनिटांत ग्लासातल्या व्हाइटचा गारवा जाणवेनासा होतो. थोडं ओता, चाखा, लागलं तर पुन्हा ओता. ग्लास दांडीला धरा, पोटाला नाही.

स्वयंपाकघरात वापरायचा सुईचा थर्मामीटर असेल तर काम सोपं होतं. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, तो ३५च्या खाली वाचतच नाही.

तपासून पाहा: एकाच रेडचे दोन ग्लास करा. एक बादलीतून काढलेल्या बाटलीचा, दुसरा तासभर टेबलावर तसाच राहिलेला. दोन्ही हुंगा. दुसऱ्याने नाकाला झिणझिण्या येतात, पहिल्यात फळ सापडतं. हा फरक एकदा नाकाने पकडला की तापमानाबद्दल पुन्हा कुणाला सांगावं लागत नाही.

## टप्पा ५: जीभ आदल्या दिवशी तयार करा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग कागदावर ‘छान’, ‘बरी’, ‘कडक’ एवढंच लिहितात. चार वाट्या मांडा:

१. पाण्यात थोडं कोकमाचं आगळ, बिनमिठाचं.
२. साखरेचं पातळ पाणी.
३. चांगला दहा मिनिटं उकळून गार केलेला कोरा चहा, बिनसाखरेचा.
४. दोन-तीन चमचे पाण्यात एक चमचा व्हिस्की किंवा जे काही घरात असेल ते.

पहिल्या घोटाने जिभेखालून लाळ सुटते, तो आंबटपणा. तिसऱ्याने हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडून ओढल्यासारखी होते, तो टॅनिनचा तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंडातला बुळबुळीतपणा जातो. मार्चमध्ये काजूचं बोंडू किंवा पुढे जून तोंडावर आला की जांभूळ खाल्लंत तरी हाच धडा मिळतो. चौथ्याने घशात ऊब येते.

आंबट म्हणजे तोंड ओलं, तुरट म्हणजे तोंड कोरडं. पुढच्या कामातलं निम्मं यावर उभं आहे. व्हाइटमध्ये तुम्ही आंबटपणा मोजणार, रेडमध्ये तुरटपणा. रेडचा रस सालींसकट आंबवतात म्हणून तिच्यात साल आणि बियांतलं टॅनिन उतरतं. व्हाइटचा रस आधी पिळून वेगळा करतात, त्यामुळे तिच्यात ते फारसं नसतं.

आमच्या वेंगुर्ल्याच्या काकी वाइन पीत नाहीत. एकदा ओट्यावर सगळे शेनिन ब्लांच्या आंबटपणावर वाद घालत होते. कुणी लिंबू म्हणे, कुणी कैरी. काकींनी पदर सावरत बोटाचं टोक ग्लासात बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाल्या, “हो आंबटपणा कोकमाचो नाय रे, चिंचेचो आसा.” द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेतलंही तेच. दरवर्षी बरण्या भरणाऱ्या माणसाची जीभ आपल्याआधी तयार झालेली असते. घरात अशी माणसं असतील तर त्यांना वास घ्यायला तरी जरूर बोलवा.

## टप्पा ६: झाकणे आणि क्रम लावणे

कुठल्या ग्लासात कुठली वाइन हे चाखणाऱ्यांना कळू नये, म्हणून एकाने ओतायचं आणि त्याने त्या फेरीत मत द्यायचं नाही. बाटल्यांवर वरून झाकण करून भागत नाही. उतरत्या खांद्याची बाटली, फिरकीचं झाकण, गळ्यावरचा कागद यांवरून जाणकार ओळखतो. आतल्या खोलीत ओतून, ग्लासाखाली १, २, ३ अशा चिठ्ठ्या चिकटवून बाहेर आणणं सर्वात सोपं.

क्रम असा: व्हाइट आधी, रेड नंतर. कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली; तुरटपणाने तोंड कोरडं पडतं ते वेगळं) आधी, गोड नंतर. हलकी आधी, जड नंतर. फसफसणारी असेल तर सर्वांत पहिली. दोन नियम भांडले, समजा व्हाइट गोड आहे आणि रेड कोरडी, तर गोड मागे टाका. गोडानंतर कोरडी रेड नुसती कडू लागते. घरी सर्रास याच्या उलट होतं, पाहुण्यांना आवडते म्हणून गोड आधी उघडली जाते.

रेड बैठकीच्या अर्धा तास आधी उघडून ठेवण्याने फारसं काही होत नाही. बाटलीच्या गळ्यात जेवढी वाइन हवेला लागते ती रुपयाएवढी. हवा द्यायचीच असेल तर काचेच्या जगमध्ये ओता. मात्र तुलनेतल्या सगळ्या रेडना सारखीच वागणूक द्या.

## टप्पा ७: पाहा, हुंगा, घोट घ्या

पाहणे. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा आणि कडेचा रंग बघा. रेड तरुण असेल तर कडेला जांभळट, वय झालं की विटकरी. व्हाइट वयाने गडद होत जाते, रेड वयाने फिकी. यावर अर्ध्या मिनिटाहून जास्त घालवू नका. रंग गडद म्हणजे वाइन चांगली, हा समज सोडा.

हुंगणे, पहिल्यांदा न हलवता. नाक ग्लासात घालून एक छोटा श्वास. इथे दोष पकडायचे असतात. ओला पुठ्ठा म्हणजे बुचाचा दोष, बाटली बाद. शिरक्याचा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरचा वास, बाद. कुजलेल्या अंड्यासारखा वास आला तर लगेच टाकू नका. ग्लास जोरात फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा, बऱ्याचदा तो उडून जातो.

हुंगणे, फिरवून. ग्लास टेबलावर ठेवूनच गोल फिरवा, म्हणजे शर्टावर सांडत नाही. आता जे आठवेल ते लिहा, आणि आपल्या भाषेत लिहा. परदेशी पुस्तकांतल्या याद्यांमध्ये आपण कधी न हुंगलेली फळं असतात, ती घोकून उपयोग नाही. व्हाइटमध्ये कैरी, पेरू, लिंबाची साल, पपनस, अननस, नुकतं कापलेलं गवत, हिरवी ढोबळी मिरची शोधा. रेडमध्ये जांभूळ, करवंद, लवंग, तंबाखूचं पान, पहिल्या पावसातली माती, आणि शिराझमध्ये काळी मिरी. मिरीचा वास हा कल्पनेचा खेळ नाही. परसातल्या पोफळीवर चढलेल्या मिरीत जे रोटंडोन नावाचं द्रव्य आहे तेच शिराझमध्ये सापडतं, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८मध्ये दाखवलं. त्यांच्याच चाचण्यांत साधारण पाचातल्या एकाला ते द्रव्य हुंगताच येत नव्हतं. म्हणून कुणाला मिरी सापडली नाही तर त्याच्याशी वाद घालू नका.

एका दमात तीनदापेक्षा जास्त हुंगलंत तर नाक थकतं. स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्या, मग परत या.

घोट. दोन-तीन चमचे वाइन तोंडात घ्या, सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. आवाज होतो, होऊ द्या. दहा सेकंद धरून या क्रमाने विचारा: गोड आहे का? लाळ सुटली का? हिरड्या कोरड्या झाल्या का? तोंडात पाण्यासारखी हलकी वाटते की दुधासारखी जड? गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ राहिली, हे मनात अंक मोजून लिहा. पाचच्या आत संपली तर साधी, पंधराच्या पुढे गेली तर दखल घ्यावी अशी.

तपासून पाहा: ‘गोड आहे’ असं वाटलं की नाक चिमटीत धरून पुन्हा घोट घ्या. नाक बंद केल्यावर गोडवा गायब झाला तर ती गोड नव्हतीच, फळाचा वास तुम्हाला फसवत होता. गोडवा तसाच राहिला तर त्यात खरोखर साखर आहे. घरच्या बैठकींत सर्वात जास्त चुकणारं उत्तर हेच.

थुंकणे. पिकदाणीसारखा झाकणाचा डबा मध्ये ठेवा आणि संकोच सोडा. चार वाइनचे ५० मिलीचे ग्लास संपवले तर २०० मिली, १३ टक्क्यांच्या हिशेबाने २६ मिली शुद्ध अल्कोहोल. चौथ्या ग्लासाबद्दलचं मत मग पहिल्या तिघांचं असतं. गाडी चालवून घाटातून परत जाणारा कुणी असेल तर त्याने फक्त हुंगायचं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती सहज ओलांडली जाते.

दोन वाइनच्या मध्ये पाणी आणि लादीपावाचा आतला मऊ भाग. खारे काजू, चीज, फरसाण नको. मीठ आणि चरबी टॅनिन मऊ करतात, वाईट रेडही मग बरी लागते. विक्रेते चीज आधी पुढे का करतात ते यावरून समजा. रेडच्या तुरटपणाचा तोंडात थर बसत जातो, पाण्याने तो पटकन जात नाही. तीन मिनिटं थांबा.

## टप्पा ८: लिहा, मग बोला

सगळ्यांचं लिहून होईपर्यंत गप्प. एकाने ‘काय मस्त जांभळाचा वास!’ म्हटलं की उरलेल्यांच्या ग्लासातही जांभूळ उगवतं. आमच्याकडे भावोजींना हे जमत नाही, म्हणून ओतायचं काम कायम त्यांच्याकडे.

प्रत्येक वाइनपुढे आंबटपणा, तुरटपणा, गोडवा, जडपणा, ऊब यांना एक ते पाच गुण द्या. खाली दोन ओळी वासाच्या, आणि शेवटी एक प्रश्न: दुसरा ग्लास घ्यावासा वाटतो का? आवड आणि गुण वेगळे राहू द्या. एखादी वाइन उत्तम बनवलेली आहे आणि मला आवडत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

मग ग्लासांची अदलाबदल करून दुसरी फेरी घ्या. चिठ्ठ्या बदललेल्या, ओतणाऱ्यालाच माहीत. पहिल्या फेरीतल्या १ क्रमांकाच्या वाइनला दुसऱ्या फेरीत तेच गुण पडले तर तुमच्या नोंदींवर विश्वास ठेवायला हरकत नाही. न पडले तर तापमान बदललंय का ते आधी बघा.

## टप्पा ९: स्टीलच्या पेल्याची परीक्षा

शेवटी ही करा, मजा येते. एक व्हाइट आणि एक हलकी रेड, दोन्ही १४ अंशांच्या आसपास, स्टीलच्या पेल्यात. डोळे मिटून सांगा कुठली रेड. तापमान सारखं झालं आणि रंग दिसेनासा झाला की भलेभले अडखळतात. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका अभ्यासात व्हाइट वाइनला बिनवासाचा लाल रंग घालून ती ५४ विद्यार्थ्यांना दिली होती. त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं.

युक्ती एकच: वासाच्या मागे लागू नका, हिरड्यांकडे लक्ष द्या.

## आता जेवण

नोंदी झाल्यावरच ताटं मांडा आणि उरलेल्या वाइन पुन्हा चाखा, कारण जेवणासोबत गुण बदलतात. बांगडा किंवा तारली रेडसोबत खाल्ली की तोंडात गंजासारखी, मासळट चव राहते. त्यामागे वाइनमधलं लोह असतं असं जपानी संशोधकांनी २००९मध्ये दाखवलं, आणि रेडमध्ये ते बहुधा जास्त असतं. तळलेली कोलंबी, तिसऱ्या, ओल्या काजूची उसळ यांना कोरडी व्हाइट चांगली. बांगड्याचं तिखलं असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लां, कारण तिखटावर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही आग वाढवतात. रेड मटण सुक्क्यासाठी राखा, तेही मसाला जरा हात राखून घातला असेल तर. सोलकढी आणि वाइन एका ताटात आणू नका. सोलकढी जिंकते.

## उरलेली बाटली

बूच परत लावून दोन्ही फ्रिजमध्ये, रेडसुद्धा. कोकणातल्या कपाटात उघडी रेड एका रात्रीत उतरते. अर्धी उरली असेल तर पाण्याच्या लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, हवा जितकी कमी तितकी बरी. व्हाइट दोन-तीन दिवस, रेड तीनेक दिवस. दुसऱ्या दिवशी कालच्या कागदासमोर बसून पुन्हा एकेक घोट घ्या. काही रेड दुसऱ्या दिवशी सुधारतात, त्यांच्यापुढे खूण करून ठेवा, पुढच्या वेळी त्यांना जगमध्ये ओतायचं. चौथ्या दिवशीची व्हाइट प्यायला नको. ती अर्धी वाटी तिसऱ्यांना वाफ देताना पाण्याऐवजी टाका, लसूण आणि मिरचीबरोबर, आणि आमसुलं त्या दिवशी कमी घाला.